बोअर-विहिरीच्या पाण्याचं सॅम्पल तपासणीसाठी नीट कसं घ्यायचं: झाकण उघडण्यापासून लॅबच्या दारापर्यंत

लॅबचा रिपोर्ट हातात आला की आपण तो डोळे झाकून मान्य करतो, आकडे असतात, दशांश असतात, सही-शिक्का असतो. पण लॅबवाल्यांनी तपासलेलं असतं ते त्यांच्यापर्यंत आलेल्या बाटलीतलं पाणी. जमिनीखालचं पाणी त्यांनी बघितलेलंच नसतं. अंधारात, थंडीत, दाबाखाली, बऱ्याचदा ऑक्सिजनशिवाय वर्षानुवर्षं पडून असलेलं पाणी तुम्ही वर काढता, त्या क्षणापासून ते बदलायला लागतं. गॅस उडून जातो, लोह गंजतं, जंतू वाढतात नाहीतर मरतात. सॅम्पलिंगची सगळी खटपट हा बदल थांबवण्यासाठी किंवा निदान लांबवण्यासाठी असते, हे एकदा लक्षात आलं की खालच्या स्टेप्स पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

आधी ठरवा, नेमकं काय शोधताय

"पाणी तपासायचंय" म्हणून बाटली भरून लॅबमध्ये गेलात तर नुसता वेळ जाणार. एकाच बाटलीत सगळ्या टेस्ट होत नाहीत. जवळपास सेप्टिक टँक किंवा गोठा असेल तर जंतू आणि नायट्रेट. शेती असेल तर नायट्रेट आणि कीटकनाशकं. पेट्रोल पंप किंवा जमिनीतली इंधनाची टाकी असेल तर बेंझीन, टोल्युइन वगैरे उडून जाणारे पदार्थ, ज्यांना सगळे व्हीओसी म्हणतात. कारखाना, प्लेटिंगचं काम, कचरा डेपो असेल तर जड धातू आणि सॉल्व्हंट. आणि काही ठिकाणी प्रदूषण माणसाने केलेलंच नसतं, खडकातूनच आर्सेनिक किंवा फ्लोराइड पाण्यात उतरतं, त्यामुळे आजूबाजूला काहीच संशयास्पद नाही म्हणून हे दोन्ही सोडून देऊ नका.

यादी झाली की लॅबला फोन करा. कोणत्या बाटल्या, किती पाणी, आत आधीच अ‍ॅसिड घातलेलं असणार का, सॅम्पल किती तासांत पोचवायचं आणि त्यांची सुट्टी कधी असते ते विचारा. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. नायट्रेटला अ‍ॅसिड न घालता नुसतं थंड ठेवलं तर ४८ तास मिळतात, सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी सॅम्पल घेतलं तर ते लॅबच्या बंद दारासमोरच संपतात. जमलं तर बाटल्या लॅबकडूनच घ्या. धुतलेली मिनरल वॉटरची बाटली, लोणच्याची बरणी, असले प्रकार नकोत.

बाटली आणि तिच्यात काय घालायचं

हे एकदा नीट समजून घ्या कारण निम्म्या चुका इथेच होतात.

धातूंसाठी एचडीपीई प्लास्टिकची, अ‍ॅसिडने धुतलेली बाटली. त्यात नायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच २ च्या खाली आणायचा, म्हणजे धातू बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटत नाहीत आणि तळाशी बसत नाहीत. असं केलेलं सॅम्पल ६ महिने टिकतं, फक्त पाऱ्याला २८ दिवसच मिळतात.

फ्लोराइडला प्लास्टिकच, काचेची बाटली नको. अ‍ॅसिड लागत नाही.

नायट्रेटला साधी प्लास्टिक बाटली आणि बर्फ. सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून पीएच २ च्या खाली नेलं तर २८ दिवस मिळतात, पण मग आकडा नायट्रेट आणि नायट्राइट दोन्हींचा मिळून येतो.

व्हीओसीला ४० मिलीची तपकिरी काचेची व्हायल, झाकणात टेफ्लॉन लावलेली चकती. आत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असेल तर १४ दिवस, नसेल तर ७. कीटकनाशकांसाठी शक्यतो १ लिटरची तपकिरी काच, ७ दिवसांच्या आत लॅबने अर्क काढायला हवा.

जंतूंसाठी निर्जंतुक केलेली बाटली. पाण्यात क्लोरीन असण्याची शक्यता असेल तर आत सोडियम थायोसल्फेट असलेलीच मागा, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतच जंतू मारून टाकतं आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो.

यावरून माझीच एक फजिती सांगतो. एकदा घाईत धातूंसाठीची बाटली नायट्रेटला वापरली. आत नायट्रिक अ‍ॅसिड. म्हणजे मी स्वतःच्या हाताने बाटलीत नायट्रेट ओतलं होतं, आकडा अर्थातच आभाळाला भिडला आणि दोन दिवस आम्ही आजूबाजूला खताचा साठा शोधत हिंडत होतो. तेव्हापासून अ‍ॅसिडवाल्या बाटल्यांच्या झाकणावर लाल टेप लावतो.

अ‍ॅसिड असलेली बाटली कधी विसळायची नाही आणि ओसंडून वाहू द्यायची नाही. साईटवर स्वतः अ‍ॅसिड घालणार असाल तर चष्मा आणि नायट्राइलचे ग्लोव्हज घालूनच. एक लिटरला तीव्र नायट्रिक अ‍ॅसिड साधारण दीड ते दोन मिली पुरतं पण पाणी जास्त अल्कली असेल तर अजून लागतं, म्हणून पीएच पट्टीवर थेंब टाकून बघायचं. पट्टी बाटलीत बुडवायची नाही.

साईटवर पोचल्यावर

गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि लांब उभी करा. जनरेटर असेल तर त्याचंही तेच. धूर आणि पेट्रोलची वाफ व्हायलमध्ये शिरली की बेंझीन तुमच्या गाडीचं आणि नाव मात्र विहिरीचं. तिथे सिगारेट नाही, डिझेलला हात लावलेले ग्लोव्हज नाहीत, नुकतंच चोपडलेलं क्रीम असलेले हात नाहीत. प्रत्येक विहिरीला नवीन ग्लोव्हज, आणि बाटल्या भरायच्या आधी परत एकदा नवीन.

एकापेक्षा जास्त विहिरी असतील तर स्वच्छ वाटणारीपासून सुरू करा आणि सर्वात खराब शेवटी ठेवा. उलटं केलं तर पहिल्या विहिरीची घाण पंप आणि नळीवर बसून पुढच्या सगळ्या विहिरींना भेट देत जाते.

पाणी उपसायच्या आधी पातळी मोजा. केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपच्या, काठावर एक ठरलेली खूण हवी आणि दर वेळी तिथूनच मोजायचं. इंधन गळतीचा संशय असेल तर पाण्यावर तेलाचा थर तरंगतोय का ते आधी बघा. पेट्रोल-डिझेल वर तरंगतं, ट्रायक्लोरोइथिलीनसारखी सॉल्व्हंट पाण्यापेक्षा जड असल्याने तळाला जातात. वर तेलाचा थरच सापडला तर तिथून विरघळलेल्या प्रदूषणाचं सॅम्पल घेण्यात अर्थ नाही, थराची जाडी मोजा आणि तशी नोंद करा.

उघड्या विहिरीत सॅम्पलसाठी उतरू नका. खाली ऑक्सिजन कमी असू शकतो आणि ते वरून दिसत नाही. वजन बांधलेली स्वच्छ बाटली कडेला आणि तळाला न लागता सोडा, किंवा विहिरीवर चालू पंप असेल तर सरळ त्याच्या तोंडाशी घ्या.

साचलेलं पाणी उपसणं

केसिंगमध्ये उभं असलेलं पाणी शिळं असतं. त्याला वरून हवा लागलेली असते, लोखंडी किंवा पीव्हीसी पाइपच्या सहवासात ते बसलेलं असतं. आपल्याला हवं आहे खडकातून किंवा वाळूच्या थरातून आत्ता येणारं ताजं पाणी. त्यासाठी आधी उपसा.

जुनी पद्धत म्हणजे केसिंगमधल्या पाण्याच्या किमान तिप्पट पाणी काढायचं. हिशोब सोपा आहे, व्यासाचा सेंटिमीटरमधला वर्ग गुणिले ०.०७८५, की एका मीटर उंचीला किती लिटर ते कळतं. समजा बोअर १५ सेंमीचा, खोली ४० मीटर आणि पाणी लागतं १२ मीटरवर. म्हणजे पाण्याचा खांब २८ मीटर, मीटरला साधारण १७.७ लिटर, एकूण ४९५ च्या आसपास. तिप्पट म्हणजे जवळजवळ १,४८५ लिटर. पंप मिनिटाला ३० लिटर देत असेल तर पाऊण तासापेक्षा थोडं जास्त, ५० मिनिटं धरा. "नळ सोडला, दोन मिनिटं थांबलो, बाटली भरली" हे किती अपुरं आहे ते यावरून कळेल. रोज दिवसभर चालणारा बोअर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पाणी आधीच फिरतं असतं, पाइपलाइन मोकळी होऊन रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबलं तरी चालतं.

दुसरी पद्धत हळू उपशाची, निरीक्षण विहिरींसाठी, म्हणजे फक्त पाणी तपासायला खणलेल्या विहिरींसाठी, मला हीच आवडते. पंपाचं तोंड जाळीच्या भागात, म्हणजे केसिंगला भोकं असतात आणि पाणी आत येतं तिथे, ठेवायचं आणि मिनिटाला १०० ते ५०० मिली एवढ्याच वेगाने खेचायचं, पाण्याची पातळी १० सेंमीपेक्षा जास्त खाली जाऊ द्यायची नाही. गाळ उठत नाही, फेकायचं पाणी कमी निघतं. चिकाटी मात्र लागते, पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं पंप बिघडलाय.

कोणतीही पद्धत घ्या, कधी थांबायचं ते मीटर सांगतो. दर ३ ते ५ मिनिटांनी रीडिंग घ्या आणि लागोपाठ तीन रीडिंग जुळली की पाणी ताजं आलं असं समजा. पीएच ०.१ च्या आत, ईसी म्हणजे विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत, ऑक्सिडेशन-रिडक्शन पोटेन्शियल (पाण्याचा गंजवण्याकडे कल किती ते सांगणारं मीटरवरचं रीडिंग) १० मिलिव्होल्टच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा १० टक्क्यांच्या आत. मीटर त्या दिवशी सकाळी कॅलिब्रेट केलेला हवा आणि तशी वहीत नोंद हवी. पीएच आणि तापमान लॅबवर सोडू नका, कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच वर सरकतो, लॅबमध्ये पोचेपर्यंत तो दुसऱ्याच पाण्याचा असतो.

विहीर इतकी अशक्त आहे की उपसता उपसता कोरडीच पडली, तर एकदा रिकामी करा, पाणी परत भरू द्या आणि पुरेसं जमलं की लवकरात लवकर, २४ तासांच्या आत सॅम्पल घ्या. उपसलेलं पाणी त्याच विहिरीच्या बुडाशी ओतू नका, प्रदूषणाचा संशय असेल तर ड्रममध्ये साठवा.

हापसा असेल तर हिशोब तोच, फक्त हात दुखतात. घरातला नळ असेल तर फिल्टर, सॉफ्टनर आणि टाकीच्या आधीचा नळ शोधा, तोंडाची जाळी काढा, रबरी पाइप लावलेला असेल तर तोही काढा.

बेलर की पंप?

बेलर म्हणजे दोरीला बांधलेली तळाशी व्हॉल्व्ह असलेली नळी. स्वस्त, सोपी, कुठेही नेता येते. पण धप्पकन सोडली की गाळ ढवळते आणि व्हीओसी पाण्यातून उडवून लावते. वापरायचीच असेल तर पाण्याला टेकताना अगदी अलगद, आणि दोरी जमिनीवर लोळू द्यायची नाही. पेरिस्टाल्टिक पंप वरून ओढतो म्हणून पाणी सात-आठ मीटरपेक्षा खोल असेल तर तो कामाचा नाही, शिवाय ओढण्यामुळे गॅस सुटतो. ब्लॅडर पंप, म्हणजे विहिरीत सोडलेली पिशवी हवेने दाबून पाणी वर ढकलणारा, सगळ्यात बरा, पण महाग. जे काही असेल ते दोन विहिरींच्या मध्ये फॉस्फेट नसलेल्या साबणाने घासा, साध्या पाण्याने धुवा आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने.

बाटल्या भरताना

सर्वात आधी व्हीओसी, कारण ते थांबत नाहीत. मग कीटकनाशकं वगैरे सेंद्रिय, मग धातू, मग नायट्रेट-फ्लोराइड. जंतूंची बाटली वेगळ्या नळावर किंवा हाताळणी कमीत कमी झालेली असताना भरायची.

व्हीओसीची व्हायल तिरकी धरा, धार बारीक आणि आतल्या भिंतीवरून घसरत जाऊ दे. काठाच्या वर पाण्याचा फुगवटा आला की झाकण लावा, उलटी करा, बोटाने टिचकी मारा. मटाराएवढा, म्हणजे साधारण ६ मिमीचा बुडबुडा दिसला तर ती फेका आणि नवीन व्हायल घ्या, उघडून वरून पाणी घालू नका. पाण्यात कार्बोनेट खूप असेल तर आतल्या अ‍ॅसिडने फेस येतो आणि बुडबुडा काही केल्या जात नाही, मग अ‍ॅसिड नसलेल्या व्हायल वापरा आणि ७ दिवसांची मुदत लक्षात ठेवा.

जंतूंसाठी धातूचा नळ असेल तर ज्वाळेने तापवा, प्लास्टिकचा असेल तर ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नंतर दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकण हातातच, तोंड खाली करून धरायचं, आत बोट लागता कामा नये. बाटली विसळायची नाही. इथे उलट वर थोडी जागा ठेवायची, दोन-अडीच सेंटिमीटर, म्हणजे लॅबमध्ये नीट हलवता येते. नुकतंच विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलं असेल तर क्लोरीन पूर्ण जाईपर्यंत हे सॅम्पल घेण्यात अर्थ नाही.

आता धातू. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात फसवे आकडे इथेच येतात. खोलवरच्या पाण्यात ऑक्सिजन नसेल तर लोह विरघळलेल्या रूपात असतं, पाणी वर येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ दिसतं. हवा लागली की काही मिनिटांत पिवळसर, मग तांबूस. ते गंजाचे कण तळाशी बसताना आर्सेनिकला आपल्याबरोबर चिकटवून नेतात. अशी बाटली तुम्ही तासाभराने गाळली तर आर्सेनिक फिल्टरवर राहिलं आणि रिपोर्टमध्ये पाणी सुरक्षित! त्याच्या उलट, गढूळ पाणी न गाळता अ‍ॅसिडमध्ये टाकलं तर अ‍ॅसिड मातीच्या कणांमधून धातू सोडवून आणतं आणि पाण्यात कधी विरघळलेलंच नव्हतं ते शिसं रिपोर्टमध्ये दिसतं. म्हणून विरघळलेले धातू हवे असतील तर ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर थेट पंपाच्या नळीवर बसवा, पहिलं थोडं पाणी फिल्टरमधून सोडून द्या आणि गाळलेलं पाणी सरळ अ‍ॅसिडवाल्या बाटलीत. क्रम गाळणं, मग अ‍ॅसिड. लोक पाणी जसं पितात तसं तपासायचं असेल तर न गाळलेलं घ्या. गढूळपणा काही केल्या कमी होत नसेल तर दोन्ही घ्या आणि लेबलवर स्पष्ट लिहा.

पीफास, म्हणजे न चिकटणारे तवे आणि वॉटरप्रूफ कपड्यांत वापरली जाणारी फ्लोरिनवाली रसायनं, तपासायचं असेल तर अजून एक वेगळीच कटकट, तिथे टेफ्लॉनच चालत नाही, ना नळीत ना झाकणात ना टेपमध्ये. वॉटरप्रूफ जॅकेटसुद्धा घरी ठेवा.

स्वतःवर पहारा

डुप्लिकेट म्हणजे त्याच विहिरीची, लगेच भरलेली दुसरी बाटली, वेगळा कोड देऊन. दहा सॅम्पलला एक धरा. उपकरणाचा ब्लँक म्हणजे धुतलेल्या पंपातून डिस्टिल्ड पाणी काढून ते तपासायला देणं, धुणं खरंच झालंय का ते कळतं. ट्रिप ब्लँक फक्त व्हीओसीसाठी, लॅबने भरून दिलेली व्हायल न उघडता तुमच्याबरोबर फिरून परत जाते, तिच्यात काही सापडलं तर दोष प्रवासाचा. खर्च वाढतो म्हणून हे पहिलं कापलं जातं आणि नंतर भांडणात तेच उपयोगी पडलं असतं असं लक्षात येतं.

लेबल बाटली भरण्याआधी, कोरडी असतानाच लावा. विहिरीचा कोड, तारीख, वेळ, कोणती टेस्ट, आत काय घातलंय, गाळलंय की नाही, कोणी घेतलं. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. पेन पाण्याने न फुटणारा. वहीत पातळी, उपसलेले लिटर, सगळी रीडिंग, वास, रंग, आदल्या दिवशी पाऊस होता का, शेजारी खत टाकलं होतं का, सगळं. पावसानंतर नायट्रेट आणि जंतू दोन्ही उड्या मारतात, त्यामुळे दोन वेळच्या तुलनेत हवामानाची ओळ महत्त्वाची ठरते.

बर्फ आणि प्रवास

भरली की लगेच बर्फात, "संध्याकाळी करू" नाही. खरा बर्फ वापरा, जेल पॅक एवढं गार करू शकत नाहीत. ६ अंशांच्या खाली, पण गोठू देऊ नका, काच फुटते. बाटल्या झिप पिशवीत, काचेच्या व्हायल बबल रॅपमध्ये, नाहीतर वितळलेल्या पाण्यात लेबलं पोहत असतात. एका साध्या पाण्याच्या बाटलीवर "तापमान" लिहून ती पण आत ठेवा, लॅबवाला तिच्यात थर्मामीटर घालून बघतो, तुमचं सॅम्पल उघडावं लागत नाही.

जंतूंचं सॅम्पल त्याच दिवशी पोचलं तर उत्तम, २४ तासांच्या पुढे नेऊ नका. सोबत चेन ऑफ कस्टडीचा फॉर्म, म्हणजे बाटल्या कोणाकडून कोणाकडे किती वाजता गेल्या त्याची सह्यांसकट नोंद. गाडीत एकटी पडलेली पेटी कोणाच्याच ताब्यात नसते, प्रकरण कोर्टात गेलं तर हाच धागा पहिला ओढतात.

रिपोर्ट आल्यावर

आधी ब्लँक आणि डुप्लिकेटचे आकडे बघा, मग विहिरीचे. सगळे मुख्य आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण, तपासले असतील तर धन आणि ऋण आयनांची बेरीज साधारण ५ टक्क्यांच्या फरकात जुळायला हवी, फारच लांब असेल तर कुठेतरी गडबड आहे, लॅबला फोन करा. त्यानंतर एककं. नायट्रेट दोन तऱ्हेने लिहितात, नायट्रेट म्हणून किंवा त्यातल्या नायट्रोजनएवढं, आणि दोन्हीत ४.४३ पटीचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट, तीच नायट्रोजनमध्ये ११.३ होते. रिपोर्टवर २० लिहिलंय आणि एकक बघितलं नाही तर सुरक्षित की धोक्याचं ते कळणारच नाही. फ्लोराइडला १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिकला १० मायक्रोग्रॅम, मिलि आणि मायक्रोमध्ये गल्लत करू नका. ई. कोलाय १०० मिलीत एकही नको.

एखादा आकडा मर्यादेच्या जवळ घुटमळत असेल किंवा आधीच्या रिपोर्टपेक्षा एकदम उडी मारलेला असेल, तर त्याच विहिरीचं, त्याच पद्धतीने, त्याच खोलीवरून परत सॅम्पल घ्या, आणि या वेळी डुप्लिकेट नक्की.